सात टक्के, तरीही अडकलं

ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. प्रबंध सॉफ्टवेअरमधून तपासून साधर्म्याचा, म्हणजे मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो याचा, अहवाल काढणं माझ्याकडे आहे. दारातूनच प्रश्न येतो, "मॅडम, दहाच्या आत आलं ना?"

हा दहाचा धसका यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांमुळे. १० टक्क्यांपर्यंत कारवाई नाही, ४० पर्यंत दुरुस्त करून द्या, ६० पर्यंत वर्षभर थांबा, त्यापुढे नोंदणीच रद्द. कधी चोरी नसतानाही आकडा फुगतो. अवतरणचिन्हांत श्रेयासह दिलेले उतारे, कायद्याची कलमं, संदर्भसूची हे सगळं वगळायचं असतं. ते न वगळता काढलेला आकडा बघून पोरं उगाच रडकुंडीला येतात.

त्या दिवशी आलेला प्रबंध भूगोलाचा, मराठीतला, ठाण्यातल्या तलावांवरचा. साधर्म्य ७ टक्के. सहज दुसरं प्रकरण चाळलं, तर मासुंदा आणि कचराळीबद्दल लिहिलेलं: 'ऑक्टोबर ते डिसेंबर या मुख्य पावसाळ्यात तलावांची पातळी वाढते.' आपल्याकडे? जून ते सप्टेंबर छत्र्या मोडतात त्या कशात मग? ते महिने मुख्य पावसाचे असतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर.

'शोधगंगा' या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर तिकडचे तलावांवरचे इंग्रजी प्रबंध काढले. आमचं सॉफ्टवेअर शब्दांशी शब्द जुळवतं, त्यामुळे भाषांतर बहुतेक वेळा निसटतं. पण संदर्भातली आडनावं आणि सालं मराठीत आणली तरी तीच राहतात. एका प्रबंधात तीच आडनावं त्याच क्रमाने सापडली. एका लेखाचं साल तिथे चुकीचं छापलं होतं, तेही इकडे जसंच्या तसं.

प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला बोलावलं. "मॅडम, रात्री जागून भाषांतर केलंय. एकही वाक्य कॉपी-पेस्ट नाही."

"यातले मूळ लेख किती वाचलेस?"

ती गप्पच झाली. वाईट याचं वाटलं, की पाण्याच्या नोंदींचं तिचं प्रकरण अस्सल होतं. वहीत प्रत्येक घाटावरच्या नोंदी, वेळेसकट. चोरीची गरजच नव्हती.

मार्गदर्शकांचा फोन आला, "सॉफ्टवेअरने सोडलंय, तुम्ही कशाला अडवता?" मी दोन्ही प्रबंधांची पानं शेजारी शेजारी ठेवून झेरॉक्स काढली आणि अहवालासोबत विभागाच्या समितीकडे पाठवली. दुसरं प्रकरण मुळापासून लिहायला सांगितलं गेलं. मूळ लेख मिळवायला ती आता ग्रंथालयातच बसते. जुने काही मिळत नाहीत. ते ज्याच्या प्रबंधात वाचले, त्याचं नाव तिथेच लिहायला सांगितलंय.