घरामागची भट्टी : आमची वाटचाल

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नोकरी करता करता वडिलांनी घरामागच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन बसवलं, तिथून आमचा ग्रील-गेटचा धंदा सुरू झाला. माल पक्का, पण पावडर कोटिंगला, म्हणजे रंगाची कोरडी पावडर फवारून भट्टीत भाजायला, बाहेर पाठवावा लागायचा. मोठ्या ऑर्डरींपुढे आमच्या चार ग्रिलांचा नंबर शेवटी. त्यात खालचा गंज नीट न काढता मारलेलं कोटिंग एका पावसाळ्यात फुगायचं आणि गिऱ्हाईक दारात आमच्या यायचं. तयार ओव्हन परवडणारा नव्हता. मी फॅब्रिकेटर, धाकटा भाऊ आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. भट्टी घरीच बांधायची ठरलं.

आतली मापं सहा फूट लांब, चार रुंद, चार उंच. अँगलचा सांगाडा, आतबाहेर जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, मध्ये उष्णता अडवणारं १०० मिलिमीटर रॉकवूल. आतला पत्रा बाहेरच्याला सलग जोडला नाही, कारण जिथे लोखंड लोखंडाला भिडतं तिथूनच उष्णता बाहेर पळते. शिवाय २०० अंशांना सहा फुटी पत्रा जवळजवळ चार मिलिमीटर वाढतो. त्याला सरकायला जागा हवी, म्हणून बोल्टांची भोकं लांबट ठेवली.

हीटर एकूण १२ किलोवॅटचे. सिंगल फेजवर एवढा लोड म्हणजे ५० अँपिअरच्या वर. घरच्या मीटरवर हा विचारसुद्धा करू नये. थ्री फेज कनेक्शन घेतलं आणि दोन-दोन किलोवॅटचे सहा हीटर तिन्ही फेजवर सारखे वाटले. गॅस बर्नर स्वस्त पडला असता. पण हवेत उडालेली पावडर ठिणगीने पेट घेते, आणि भिंतीपलीकडे आमची माणसं झोपतात. फवारणीचा बूथही त्याच कारणाने भट्टीपासून लांब, अर्थिंग वेगळं तपासून. आतली गरम हवा फिरवणारा ब्लोअर बंद पडला की हीटर आपोआप बंद होतात, आणि तापमान सांभाळणारा कंट्रोलर अडकला तर वेगळा थर्मोस्टॅट लाईट तोडतो. ही दोन कामं भावाने सगळ्यात आधी केली. त्याच्या त्या हट्टामुळेच मी आजही निर्धास्त झोपतो.

खरं शिक्षण मात्र तापमानाचं. डिस्प्लेवर २०० दिसतं ते हवेचं. आम्ही वापरतो त्या पॉलिएस्टर पावडरीला लोखंडच २०० अंशांवर १० मिनिटं हवं असतं. पातळ पत्रा लगेच तापतो, पाइप जोडायच्या जाड चकतीला, फ्लँजला, बराच वेळ लागतो. आणि फसवणूक इथेच होते: पावडर वितळली की चकाकी येते, जॉब (कोटिंगला घेतलेली वस्तू) तयार दिसतो, पण आतली रासायनिक जोडणी पूर्ण झालेली नसते. असा कच्चा जॉब गिऱ्हाइकाला ओळखता येत नाही, म्हणून ती जबाबदारी पूर्ण आपली. आम्ही तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची वायर थेट जॉबला बांधतो आणि घड्याळ तिथून लावतो. प्रत्येक लॉटमधला एक तुकडा कच्चा रंग विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कापसाने घासून, वाकवून पाहतो.

भट्टीआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण कोटिंग टिकतं ते त्यामुळेच. तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग (कोटिंग धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर), मधली प्रत्येक धुलाई. यात घाई करणाऱ्याला आम्ही कामावर ठेवत नाही. उन्हातल्या गेटला इपॉक्सी पावडर मागितली तर नाही म्हणतो; ती उन्हाने पांढरट पडते.

शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळे आता कास्टिंगही (ओतीव लोखंडाचे भाग) येतं. त्याच्या पोटातली हवा भट्टीत बाहेर पडते आणि कोटिंगला टाचणीएवढी छिद्रं पाडते. म्हणून कास्टिंग आधी पावडर न मारताच तापवायचं, कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडं जास्त, आणि मग पावडर मारायची. यात एक फेरी वाढते, लाईट बिल वाढतं; दर आम्ही त्याप्रमाणेच सांगतो.

सध्या दहा फुटी भट्टीचं काम चालू आहे, ट्रॉली आत ढकलता येईल अशी. दाराची चौकट झाली आहे, गरम हवेच्या डक्टचं माप भाऊ काढतोय.