बॉल कुठं हाय?

फुटबॉलच्या समालोचकांची पारख कशी करावी, याविषयी आज माझी जी काही मते आहेत ती मला माझ्या काकांनी शिकवली, आणि काकांना २०१४ पासून दिसत नाही. तरुणपणी ते कोल्हापुरातल्या एका पेठेच्या संघातून राइट बॅक म्हणून खेळले. नंतरची तीस वर्षे त्यांनी उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत काढली, पण हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमवरचा एकही महत्त्वाचा सामना त्यांनी चुकवला नाही. काचबिंदूने दृष्टी गेल्यावर स्टेडियमवर जाणे थांबले; सामना पाहणे मात्र थांबले नाही. 'पाहणे' हा त्यांचाच शब्द आहे. शनिवारी रात्री प्रीमियर लीगचा सामना लागला की ते दूरचित्रवाणीसमोर खुर्ची ओढून बसतात, आणि दर दोन-तीन मिनिटांनी तोच प्रश्न विचारतात, "बॉल कुठं हाय?"

पूर्वी मीही इतर चाहत्यांप्रमाणे समालोचकाला त्याच्या गाजलेल्या वाक्यांवरून जोखत असे. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रेक्षक मैदानात धावत आले असताना केनेथ वोल्स्टनहोम यांनी उच्चारलेले वाक्य, १९८९ मध्ये अ‍ॅनफिल्डवर आर्सेनलचा मायकेल थॉमस गोलकडे धावत असतानाचा ब्रायन मूर यांचा आवाज, १९८६ मध्ये अझ्टेका मैदानावर मॅराडोनाला 'वैश्विक पतंग' म्हणणारे व्हिक्टर ह्यूगो मोरालेस यांचे रडणे, हे सगळे मला पाठ होते. त्यामुळे ज्याची वाक्ये लक्षात राहतात तो समालोचक मोठा, असे माझे सोपे गणित होते. हे गणित सामन्यातल्या फार तर दोन मिनिटांना लागू पडते आणि उरलेल्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांविषयी काहीच सांगत नाही, हे काकांच्या शेजारी बसल्यावर मला कळले.

कारण त्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत पुष्कळदा असे घडते की मुख्य समालोचक आणि त्याच्या शेजारी बसलेला माजी खेळाडू एखाद्या प्रशिक्षकाची नोकरी राहणार की जाणार, अमुक खेळाडू जानेवारीत कोणत्या क्लबात जाणार, याची चर्चा करत राहतात. डोळस प्रेक्षकाला त्याचे काही वाटत नाही, कारण बॉल त्याला दिसतच असतो. काका मात्र त्या वेळी मान किंचित तिरकी करून, कपाळाला आठ्या घालून थांबून राहतात. मध्येच प्रेक्षकांचा आवाज वाढला तर खुर्चीत पुढे सरकतात, तो विरला की पुन्हा मागे रेलतात. काहीतरी होता होता राहिले एवढे त्यांना कळते. काय राहिले ते कुणी सांगत नाही.

समालोचनाची सुरुवात कशी झाली ते वाचताना मला एक गोष्ट सापडली आणि ती मी काकांना त्याच रात्री वाचून दाखवली. जानेवारी १९२७ मध्ये टेडी वेकलम या माजी रग्बीपटूने बीबीसीसाठी ट्विकनहॅमवरून इंग्लंड विरुद्ध वेल्स या रग्बी सामन्याचे धावते वर्णन केले. असे काम त्यापूर्वी ब्रिटनमध्ये कुणी केले नव्हते आणि कसे करावे हे सांगणाराही कुणी नव्हता. निर्माते लान्स सिव्हकिंग यांनी युद्धात दृष्टी गमावलेल्यांसाठी काम करणाऱ्या सेंट डन्स्टन्स या संस्थेतून एका अंध गृहस्थाला बोलावून समालोचन-कक्षाजवळ बसवले आणि वेकलम यांना सांगितले, सामना याला समजावून द्या. समोर एक पाटीही लावली होती, 'शिवी देऊ नका' अशी. त्यानंतर आठवड्याभराने, २२ जानेवारी १९२७ रोजी, हायबरीवर आर्सेनल विरुद्ध शेफील्ड युनायटेड या सामन्याचे वर्णन वेकलम यांनीच केले; तो बीबीसीने नभोवाणीवरून थेट ऐकवलेला पहिला फुटबॉल सामना. 'रेडिओ टाइम्स'मध्ये मैदानाचे आठ चौकोन पाडून त्यांना आकडे दिलेला नकाशा छापला होता, आणि वेकलम खेळ सांगत असताना दुसरा आवाज बॉल कोणत्या चौकोनात आहे त्याचा आकडा सांगत राहत असे. सामना १-१ असा सुटला.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे हे कामच मुळात माझ्यासाठी काढल्यालं हाय."

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दूरचित्रवाणी आल्यावर चित्र सगळ्यांसमोर आले आणि समालोचकाचे काम बदलले, हे खरेच आहे. जे दिसते तेच पुन्हा सांगणारा समालोचक डोळस प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटतो आणि त्याची तक्रार रास्त आहे. तरीही उत्तम समालोचक चित्राच्या बाजूने नव्या गोष्टी सांगताना बॉलशी बांधलेला धागा तुटू देत नाही. खेळाडूचे नाव बॉल त्याच्या पायाशी येताक्षणी, किंबहुना त्याच्या किंचित आधी, उच्चारणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी कौतुक होणारे कौशल्य आहे. बावीस खेळाडू, ओले गवत, दूरचा कोपरा, पाठमोरा क्रमांक, आणि तरीही नाव बरोबर. चाहते समालोचकाच्या चुका लक्षात ठेवतात. नव्वद मिनिटांत शेकडो वेळा बरोबर घेतलेली नावे कुणाच्याही लक्षात राहत नाहीत.

इंग्लिश समालोचक मार्टिन टायलर यांची १३ मे २०१२ ची ध्वनिफीत मी काकांना अनेकदा ऐकवली आहे. मँचेस्टर सिटीला प्रीमियर लीगच्या विजेतेपदासाठी विजय हवा होता, निर्धारित वेळ संपली तेव्हा क्वीन्स पार्क रेंजर्स २-१ ने पुढे होते, सिटीच्या झेकोने बरोबरी साधली, आणि ९३ मिनिटे २० सेकंद झाली असताना अग्वेरोने गोल केला. त्या गोलच्या क्षणी टायलर यांनी जवळजवळ फक्त दोन नावे घेतली, बालोटेली आणि मग अग्वेरो, आणि दुसऱ्या नावाचा शेवटचा स्वर फाटेपर्यंत ताणला. नंतर काही क्षण ते गप्प बसले आणि मैदान बोलत राहिले. काकांचे म्हणणे असे की त्या दोन नावांत पास आला, फटका आला आणि जाळेही आले. "नाव वर चढलं तवाच बॉल आत गेला. आणि काय सांगायला पायजे?"

याउलट दुसरे इंग्लिश समालोचक पीटर ड्रुरी. २०२३ मध्ये टायलर तेहतीस वर्षांनंतर स्काय स्पोर्ट्स या वाहिनीतून बाहेर पडले आणि त्याच वर्षी ड्रुरी तिथे आले. तेव्हापासून या दोघांची तुलना चाहत्यांच्या बोलण्यात सारखी होते. मी ड्रुरींचा निस्सीम चाहता आहे आणि ते लपवण्याचे मला कारण दिसत नाही. १० एप्रिल २०१८ रोजी चॅम्पियन्स लीगच्या दोन सामन्यांच्या लढतीत पहिला सामना ४-१ ने हरलेल्या रोमाने दुसऱ्यात बार्सिलोनाला ३-० ने हरवले, तेव्हा रोमा आपल्या भग्नावशेषांतून उठली आहे, असे ते म्हणाले आणि गोल करणाऱ्या मानोलासला रोममधला ग्रीक देव म्हटले. आजही ते ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. मी ती फीत मोठ्या उत्साहाने काकांना ऐकवली, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "गोल डोक्यानं झाला का पायानं?"

डोक्याने झाला होता. डाव्या-उजव्या कोपऱ्याचा, जवळच्या खांबाचा सगळा तपशील माझ्या डोळ्यांत होता म्हणूनच ड्रुरींची वाक्ये मला पूर्ण वाटत होती. ती चित्रावर कोरलेली नक्षी आहे, आणि नक्षी म्हणून अप्रतिम आहे. परंतु तिच्यावरून समालोचकांचा क्रम लावणे मी तेव्हापासून सोडून दिले.

काकांना इंग्रजी बेताचेच येते, त्यामुळे हळूहळू प्रत्यक्ष वर्णनाचे काम माझ्याकडे आले. मराठी समालोचनाचा त्यांचा मानदंड म्हणजे आकाशवाणीवरचे बाळ ज. पंडित. ते क्रिकेटचे समालोचक होते, पण चेंडू कुणाकडे गेला आणि कुणी अडवला हे मराठीत कसे रंगवून आणि तरीही नेमके सांगता येते, ते काकांच्या पिढीने त्यांच्याकडून ऐकले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचे जिओ सिनेमावर इंग्रजीखेरीज हिंदी, बंगाली, मल्याळम आणि तमिळमध्ये समालोचन होते. मराठी त्यांत नव्हती. पुढच्याच वर्षी आयपीएलसाठी मराठी आली. क्रिकेटला मिळते ते फुटबॉलला का मिळू नये, याचे पटण्याजोगे उत्तर मला कुणी दिलेले नाही. केरळमध्ये शैजू दामोदरन यांच्या मल्याळम समालोचनावर लोक जीव टाकतात. ज्या शहरात पेठापेठांतून फुटबॉलवर वाद झडतात, त्या कोल्हापुरातही असा आवाज घडू शकतो, याविषयी मला शंका नाही.

स्वतः वर्णन करू लागल्यावर पहिल्या दहा मिनिटांत माझा घसा कोरडा पडला आणि शब्द संपले. बॉल डावीकडे गेला, असे मी म्हणालो की काका विचारत, कुणाच्या डावीकडे? तेव्हा आम्ही ठरवले की दिशा नेहमी चढाई करणाऱ्या संघाच्या सांगायच्या, आणि मैदानाचे आपल्या गोलकडचा, मधला आणि त्यांच्या गोलकडचा असे तीन भाग धरायचे. वेकलम यांच्या आठ चौकोनांमागची गरज मला तेव्हा अंगाने कळली. फुटबॉल क्रिकेटसारखा दोन चेंडूंमध्ये थांबत नाही. विशेषण शोधायला गेलात की बॉल दोन पास पुढे गेलेला असतो. त्यानंतर एखाद्या समालोचकाची चूक झाली म्हणून ओरडणे माझ्याकडून आपोआप कमी झाले.

चाहत्यांची सर्वांत मोठी तक्रार पक्षपाताची असते. एकाच सामन्यानंतर दोन्ही संघांचे पाठीराखे तोच समालोचक आपल्याविरुद्ध होता असे छातीठोकपणे सांगतात, आणि दोघेही मनापासून सांगतात, कारण आपल्या संघाच्या चुकीचे वर्णन कानाला जास्त टोचते. या तक्रारीतून मला फारसे काही मिळत नाही. मात्र पक्षपाताचा दुसरा एक प्रकार आहे, त्याकडे चाहते कमी लक्ष देतात. फ्रान्सचा कृष्णवर्णीय मध्यरक्षक एन्गोलो कान्ते चेल्सीकडून खेळत असताना काकांनी एकदा विचारले, "हा लई दांडगा गडी असणार, न्हाई?" मी चकित झालो, कारण कान्तेची उंची जेमतेम साडेपाच फूट. पण त्याच्याविषयी सतत इंजिन, दमसास, न थकणारे पाय हेच शब्द कानावर पडल्यामुळे काकांनी मनात एक धिप्पाड माणूस उभा केला होता. तो कोणता पास आधी ओळखतो, कुठे जाऊन उभा राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. २०२० मध्ये रनरिपीट या संस्थेने इंग्लंडमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने ८० सामन्यांच्या इंग्रजी समालोचनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळले की बुद्धी आणि मेहनत यांची स्तुती उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला अधिक येते, आणि ताकद व वेग यांची गडद कातडीच्या खेळाडूंच्या. डोळस माणसाला हे शब्द चित्राशी ताडून पाहता येतात. काकांकडे फक्त शब्द असतात.

ऐकण्याआधीच निकाल देण्याची खोडही जुनीच आहे. २००७ च्या एप्रिलमध्ये जॅकी ओटली यांनी फुलहॅम विरुद्ध ब्लॅकबर्न या सामन्याचे समालोचन केले. 'मॅच ऑफ द डे' या बीबीसीच्या फुटबॉल कार्यक्रमात हे काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि त्यांच्यावर टीका सामन्याच्या आधीच सुरू झाली होती. स्त्रीच्या आवाजाविषयी काकांना विचारले तेव्हा त्यांनी प्रश्नच नीट समजला नाही असे तोंड केले. नावे स्पष्ट ऐकू येतात का, एवढेच त्यांनी विचारले.

समालोचनच नको, नुसता मैदानाचा आवाज पुरे, असे म्हणणारेही आहेत. ११ मार्च २०२३ रोजी निवेदक गॅरी लिनेकर यांना सरकारवरच्या टीकेमुळे बीबीसीने बाजूला केले आणि सहकाऱ्यांनीही काम नाकारले म्हणून 'मॅच ऑफ द डे' निवेदक आणि समालोचन यांच्याविना वीस मिनिटे दाखवला गेला, तेव्हा प्रेक्षकसंख्या आधीच्या आठवड्यापेक्षा जवळपास पाच लाखांनी वाढली. हा समालोचनाविरुद्धचा कौल नव्हता, लोक कुतूहलाने आले होते, असे मला वाटते. आमच्या घरात तो कार्यक्रम वीस मिनिटांची गर्दी आणि शिट्ट्या एवढाच ठरला असता.

१८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना झाला. मी काकांसाठी सुरुवातीपासून बोलत होतो. मेस्सीची पेनल्टी, दि मारियाचा गोल, मग एम्बाप्पेचे ऐंशीव्या आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाचे दोन गोल, जादा वेळेतला मेस्सीचा आणि पुन्हा एम्बाप्पेचा, हे सगळे मी व्यवस्थित सांगितले होते. ३-३ असताना, जादा वेळही संपत आलेली असताना लांबून आलेला बॉल फ्रान्सच्या कोलो मुआनीपुढे पडला आणि समोर एकटा अर्जेंटिनाचा गोलरक्षक मार्टिनेझ उरला. मी उभा राहिलो आणि माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. मार्टिनेझने डावा पाय फाकून तो फटका अडवला, बॉल लगेच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे अर्जेंटिनाच्या लाउतारोचा हेडर बाहेर गेला. तेवढा वेळ मी नुसता ओरडत होतो.

"बॉल कुठं हाय?" काका विचारत होते. त्यांनी माझा हात धरला होता. "आरं, बॉल कुठं हाय?"

मी खाली बसलो आणि दोन्ही प्रसंग पहिल्यापासून सांगितले. कोण कुठून आला, पाय कोणता, बॉल कुणाला लागून कुठे गेला. काकांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले. तोवर पेनल्ट्यांची तयारी सुरू झाली होती. "आता बॉल एका जाग्यावर हाय," ते म्हणाले, "आता सावकाश सांग." मी प्रत्येक खेळाडूचे नाव, त्याची चाल, गोलरक्षक कोणत्या बाजूला झेपावला ते सांगत गेलो, आणि शेवटी अर्जेंटिनाचा मोंटिएल आला तेव्हा म्हणालो की तो उजव्या पायाने मारणार आहे, तो थांबला आहे, तो निघाला, गोलरक्षक दुसऱ्या बाजूला गेला. पुढचे सांगण्याआधीच काकांनी टाळी वाजवली होती.