तिसऱ्या दिवसाची विडाल

फायलीत आधीच दोन रिपोर्ट होते. पहिला तापाच्या तिसऱ्या दिवसाचा: विडाल, टीओ १:१६०, टीएच १:३२०, शेजारी लाल शाईत ‘पॉझिटिव्ह’. विडाल म्हणजे टायफॉइडसाठीची जुनी रक्ततपासणी. टीओ आणि टीएच या त्या जंतूच्या ओ आणि एच या भागांविरुद्धच्या अँटिबॉडी, आणि १:३२० म्हणजे सिरम, रक्तातलं वरचं पिवळसर पाणी, इतकं पातळ करूनही त्या दिसल्या. दुसरा सहाव्या दिवसाचा, वेगळ्या लॅबचा: टायफॉइड कार्ड, म्हणजे झटपट चाचणीची पट्टी; आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी, पॉझिटिव्ह. मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो, विदर्भातल्या सोयाबीनच्या पट्ट्यातली. महिना सप्टेंबरचा. आमच्याकडे भरती झाली आठव्या दिवशी, १०३ ताप घेऊन, आणि सोबतच्या चिठ्ठीवर निदान लिहूनच आलं होतं. आम्ही ट्यूबमध्ये विडाल लावली तर टीओ १:४०, टीएच १:१६०. खरा टायफॉइड असता तर पाच दिवसांत ओचं टायटर, म्हणजे हा आकडा, चढायला हवा होता. इथे तो चौथाईवर आला.

अँटिबॉडी पाच दिवसांत अशा ओसरत नाहीत. फरक रक्तातला नव्हता, पद्धतीतला होता.

तालुक्याच्या बहुतेक लॅबमध्ये विडाल काचेवर होते. अँटिबॉडी जंतूच्या ज्या भागाला चिकटतात ते अँटिजेन किटमध्ये तयार मिळतं: ओ निळं, एच लाल. काचेवर सिरमचे ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर घ्यायचे, प्रत्येकावर अँटिजेनचा एक थेंब टाकायचा, काडीने पसरवायचं आणि काच एक मिनिट हलवून लगेच वाचायची. कुठल्या गोलापर्यंत गुठळ्या दिसतात त्यावरून १:२० ते १:३२० असा आकडा लिहिला जातो. खरं तर यात कोणी सिरम पातळ करतच नाही, थेंबाच्या मापावरून समतुल्य आकडा मांडलेला असतो. म्हणजे सगळा डोलारा मापावर उभा. पाच मायक्रोलिटरचं पिपेट नसेल आणि ड्रॉपरने अंदाजे टिपका टाकला, तर १:३२० हा आकडा टिपक्याच्या आकाराचा असतो, रुग्णाचा नाही. मिनिटाच्या जागी तीन मिनिटं गेली, वर पंखा चालू असला, की कडा सुकून दाणे दिसायला लागतात. बाटली वापरण्याआधी नीट हलवली नाही तर वरचं अँटिजेन पातळ, तळाचं घट्ट. फ्रिजमध्ये मागच्या भिंतीला टेकून ते एकदा गोठलं की सिरमशिवायही गुठळ्या धरतं. हे सगळं पकडायला सलाइनचा आणि निगेटिव्ह सिरमचा असे दोन गोल शेजारी लावायचे असतात. ते किती ठिकाणी लावतात, हे विचारायच्या फंदात मी आता पडत नाही. प्रत्येक कंट्रोलमागे अँटिजेनचे थेंब जातात आणि थेंबांना पैसे पडतात.

ट्यूबची पद्धत वेळखाऊ आहे, पण तिच्यात लपायला जागा नाही. ०.९ टक्के सलाइनमध्ये सिरम १:२० पासून दुपटीने पातळ करत न्यायचं, प्रत्येक नळीत ठरलेलं अँटिजेन, शेवटची नळी फक्त सलाइन आणि अँटिजेनची, आणि रात्रभर ३७ अंशांवर. सकाळी काळ्या पार्श्वभूमीवर, मागून प्रकाश टाकून, आधी न हलवता बघायचं. ओ जुळलं असेल तर तळाशी बारीक दाणेदार थर, वरचं पाणी स्वच्छ. एच जुळलं असेल तर पिंजलेल्या कापसासारखे सैल पुंजके, टिचकी मारली की विस्कटणारे. म्हणून त्या नळ्या धसमुसळेपणाने उचलायच्या नाहीत. दुपटीचा फरक या पद्धतीच्या चुकीत मोजला जातो. चौपट फरक असेल तरच बोलायचं.

पण समजा, पहिल्या लॅबने सगळं नीट केलं होतं. तरी तिसऱ्या दिवसाच्या आकड्याला अर्थ काय? ओच्या अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसू लागतात, एचच्या त्यानंतर. तिसऱ्या दिवशी १:३२० एच सापडलंच, तर ते बहुधा आधीच्या कधीतरीच्या संसर्गाचं. एच महिनोन्‌महिने, कधी वर्षंही टिकतं, आणि मलेरियासारख्या भलत्याच तापातही जुनं एच उसळी मारतं. ओची अडचण निराळी: टायफीच्या, म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या, अंगावरचं बारा नंबरचं ओ अँटिजेन पॅराटायफी ए आणि बी या दोन्ही भाऊबंद जंतूंकडे आहे, नऊ नंबरचं एन्टेरिटिडिस या तिसऱ्या भाऊबंदाकडेही. दूषित अन्नातून झालेली साधी हगवणसुद्धा टीओ वर नेऊ शकते. लसीमुळे असेल का, असं वॉर्डातून विचारणं झालं. मुलीला टायफॉइडची लस मिळालेलीच नव्हती. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये कॉन्ज्युगेट लसीची मोहीम घेतली तशी इकडे झालेली नाही. आणि दिली असती तरी ती लस व्हीआय नावाच्या वेगळ्या अँटिजेनची, ओ आणि एचशी तिचा संबंध नाही. विडाल बिघडवायची ती जुनी, अख्खे मेलेले जंतू टोचणारी टीएबी लस.

विडालची पद्धत १८९६ ची आहे. तिच्यावर रागवण्यात अर्थ नाही. राग येतो तो ‘फीवर पॅनेल’ नावाच्या पॅकेजचा, ज्यात पहिल्या दिवसापासून विडाल आपोआप घुसते. फॉर्मवर तापाचा कितवा दिवस हे लिहायला रकानाच नसतो.

आता कार्ड. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणातल्या ५० किलोडाल्टनच्या प्रथिनाविरुद्धचं आयजीएम आणि आयजीजी शोधतं. दिसायला आधुनिक, म्हणून डॉक्टरांचा त्यावर जास्त भरवसा. कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात टायफीडॉट या कार्डाची संवेदनशीलता, म्हणजे खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण, साधारण ८४ टक्के आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांना निगेटिव्ह म्हणण्याचं प्रमाण, ७९ टक्के आली होती. ऐकायला बरं वाटतं. तापाच्या शंभर मुलांत खरा टायफॉइड दहा जणांना आहे असं धरा. दहांपैकी आठ सापडतील. उरलेल्या नव्वदांपैकी १९ जणांची रेघ उगाच उमटेल. म्हणजे २७ पॉझिटिव्हमध्ये खरे आठ. शिवाय कार्ड दिलेल्या वेळेतच वाचायचं असतं. टेबलावर अर्धा तास पडलं की फिकट रेघ स्वतःहून येते. या मुलीच्या रिपोर्टवर ‘फेंट’ असं लिहिलं होतं, फाइल हाताळताना ते कोणाच्या नजरेत आलं नाही.

खरं उत्तर ब्लड कल्चरने, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघण्याने, दिलं असतं, आणि तिथेच सगळं अडलं. तिसऱ्या दिवसापासून सेफिक्सिम हे अँटिबायोटिक चालू होतं, तेही दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे १२. टायफॉइडला १५ ते २० लागतं. आजार मारायला कमी, कल्चर मारायला पुरेसं. अँटिबायोटिक नसतानाही कल्चर शंभरातल्या साठेक रुग्णांनाच पकडतं, कारण टायफॉइडमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये अनेकदा एकही जिवंत जंतू सापडत नाही. म्हणून रक्ताचं माप महत्त्वाचं. मुलांच्या बाटलीत ३ मिलिलिटर सोडलं, त्यासाठी आईची समजूत घालावी लागली. १७ किलोच्या मुलीच्या अंगात साधारण १३०० मिलिलिटर रक्त असतं, त्यातलं हे पाव टक्काही नाही. पण विडालसाठी दोनदा काढलेलं रक्त कोणाला खुपलं नव्हतं, कल्चरचं खुपलं. त्वचा स्पिरिटने पुसून वाळू द्यायची, बाटलीचं रबरही पुसायचं, आधी कल्चरची बाटली आणि मग बाकीच्या ट्यूब, बाटली कधीही फ्रिजमध्ये नाही. सगळं रीतसर झालं. पाच दिवसांत काही उगवलं नाही, आणि या निगेटिव्हला काडीचीही किंमत नाही.

बाकीचे रिपोर्ट दोन्हीकडे झुकणारे. पांढऱ्या पेशी ५,२००, त्यांतल्या इओसिनोफिल प्रकारच्या शून्य, प्लेटलेट ९८,०००, यकृताचे एसजीओटी १४२ आणि एसजीपीटी ९६, प्लीहा दोन सेंटिमीटर हाताला लागणारी. डेंगी आणि मलेरिया निगेटिव्ह. शून्य इओसिनोफिल पाहून टायफॉइडच, असं म्हणणारे अनुभवी डॉक्टर आहेत आणि बऱ्याचदा ते बरोबर ठरतात. पण सप्टेंबरात, शेताच्या कडेला खेळणाऱ्या मुलीत हेच चित्र स्क्रब टायफसचंही असतं, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचं. २०१८ मध्ये नागपूर भागात त्याची साथ येऊन गेली तेव्हापासून तरी हे नाव वॉर्डात उच्चारायला कोणी कचरायला नको. काखा, जांघा, कानांमागे, केसांत त्या चाव्याची काळी खपली शोधली. नव्हती. नसली म्हणून स्क्रब नाही असं होत नाही.

भरतीच्या दिवसापासून सेफ्ट्रिअॅक्सोन किलोमागे ८० मिलिग्रॅम. दहाव्या दिवशी बालरोगतज्ज्ञांनी अॅझिथ्रोमायसिन जोडलं. बाराव्या दिवशी ताप उतरला. टायफॉइड सेफ्ट्रिअॅक्सोनला चौथ्या-पाचव्या दिवशी ऐकतो, स्क्रब अॅझिथ्रोमायसिनला दोन दिवसांत. दोन्ही हिशेब एकाच दिवशी जुळले. अॅझिथ्रोमायसिन दोन्ही आजारांवर चालतं. त्याऐवजी स्क्रबवरचं डॉक्सिसायक्लिन दिलं असतं तर तापाचं उतरणं काही बोललं असतं, असं मला वाटलं. बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं, माझं काम मुलगी बरी करणं आहे, तुमचं कोडं सोडवणं नाही. त्यांचं चूक नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुसरं सिरम मिळालं. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच अँटिजेनच्या बॅचने, शेजारी शेजारी लावले. जोडनमुने असेच लावायचे असतात. टीओ १:४० वरून १:८०, टीएच जागच्या जागी. चौपट वाढ नाही. टायफॉइड नाही म्हणावं, तर लवकर सुरू झालेल्या अँटिबायोटिकने अँटिबॉडी दबतात हेही तितकंच खरं. स्क्रबच्या अँटिबॉडी मोजणारी आयजीएम एलायझा चाचणी, प्लेटभर नमुने जमल्यावर लागली: पहिला नमुना ०.१८, दुसरा ०.४४, आमची सीमारेषा ०.५. वाढ आहे, पण रेषेच्या अलीकडे. एलायझाचं पहिलं वाचन मला पटेना, म्हणून पुन्हा लावली. ०.४२.

डिस्चार्ज कार्डावर ‘एन्टेरिक फीवर’, म्हणजे टायफॉइडच, आहे आणि पुढच्या प्रत्येक तापात ते कार्ड आधी दाखवलं जाईल. महिन्याभराने वडील विडाल करायला घेऊन आले, टायफॉइड पूर्ण गेला का बघायला. विडाल करून दिली नाही. एच अजून बराच काळ वर दिसेल आणि तो आकडा बघून कोणीतरी आणखी दहा दिवसांचं सेफिक्सिम लिहील. मी त्यांच्याकडे स्क्रबसाठी तिसरा नमुना मागितला. पोरगी खेळतेय, जेवतेय, आता कशाला टोचायचं, ते म्हणाले. ‘मग विडालसाठी टोचलेलं चाललं असतं?’ यावर ते फक्त हसले आणि मुलीला घेऊन गेले.