मार्चअखेर आणि उणे ऐंशीचा फ्रीजर

2025 च्या मार्चमध्ये 30 तारखेला रविवारी पाडवा आला आणि 31 ला सोमवारी ईद. सरकारी व्यवहार बघणाऱ्या बँका 31 ला उघड्या राहणार होत्या, पण बिलावर सह्या करणारे कोणी सोलापुरात नव्हते. त्यामुळे आमच्या लेखा विभागाची मार्चअखेर शुक्रवारी, 28 लाच होती. आणि उणे 80 अंशांचा फ्रीजर टेम्पोतून उतरला तो गुरुवारी दुपारी.

प्रकल्प विडी कामगार बायकांच्या फुफ्फुसांवरचा, अनुदान केंद्र सरकारचं, फ्रीजर नमुने ठेवायला. अनुदान एकरकमी दिसलं तरी ते तीन खणांत येतं: 31 म्हणजे सर्वसाधारण खर्च, 35 भांडवली मालमत्ता, 36 वेतन. एका खणातले पैसे दुसऱ्यात परस्पर हलत नाहीत. इथेच पहिली माशी शिंकली होती. प्रस्तावाला जोडलेलं कोटेशन जुनं होतं, संशोधन संस्थांना 5 टक्के जीएसटी लागायचा त्या काळातलं. ती सवलत 18 जुलै 2022 ला गेली. 6,20,000 च्या फ्रीजरवर 31,000 ऐवजी 1,11,600 कर बसला. मंजुरी 6,51,000 ची, बिल 7,31,600 चं. वरचे 80,600 दुसऱ्या खणातून 35 मध्ये आणायचं सुधारित मंजुरीपत्र यायला चार महिने गेले, म्हणून जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची ऑर्डर थेट मार्चमध्ये निघाली.

पूर्वी अनुदान संस्थेच्या बँक खात्यात पडून राहायचं, त्यावरचं व्याज तेवढं सरकारला परत करावं लागे. आता खातं शून्य शिलकीचं. पैसे नसतात, खर्चाची मर्यादा असते, आणि 31 मार्चच्या रात्री न वापरलेली मर्यादा पुसली जाते. सरकारच्या बाजूने हे बरोबर आहे, देशभर कोट्यवधी रुपये बचत खात्यांत निजून राहायचे. पण कॉम्प्रेसरला आर्थिक वर्ष कळत नाही.

माल आल्यावर जेमवर 48 तासांत तात्पुरती पोच द्यायची, ती गुरुवारीच दिली. पुढची पायरी स्वीकृती दाखल्याची, ज्याला सगळे क्रॅक म्हणतात. त्याशिवाय बिल निघत नाही. आणि फ्रीजर लगेच चालू करता येत नाही. प्रवासात हिंदकळलेलं तेल कॉम्प्रेसरमध्ये परत उतरावं म्हणून तो 24 तास उभा ठेवतात. पुण्याहून आलेला इंजिनिअर शुक्रवारी दुपारी एकनंतरच खटका दाबू देणार होता.

तोवर आमचा वायरमन सॉकेट बघून आला. "साहेब, या लाईनीवर आधीच दोन एसी हायत की ओ. ह्यो मावायचा न्हाई."

16 अँपिअरची स्वतंत्र लाईन ओढेपर्यंत अडीच वाजले. खोलीत 37 अंश. यंत्राच्या पुस्तिकेत भोवतालचं तापमान 32 पर्यंतच चालेल असं लिहिलेलं. एसी घ्यायचा तर 35 च्या मंजूर यादीत एसी नाही, म्हणून शेजारच्या खोलीचा दरवाजा उघडून तिथली हवा वळवली. साडेपाचला पडद्यावर आकडा उणे 54. शेवटचे पंचवीस अंश सगळ्यात सावकाश उतरतात, दोन कॉम्प्रेसरपैकी खालच्या टप्प्याचा तेव्हाच खरा राबतो.

लेखा विभागातल्या मॅडम फाईल घेऊन आल्या. "सर, क्रॅक देऊन टाका ना. रात्रीत उणे ऐंशी होणारच आहे."

होणारच होतं, त्यात शंका नव्हती. पण ऑर्डरमध्ये आम्हीच घातलेली अट होती: रिकाम्या फ्रीजरने उणे 80 गाठून 24 तास टिकवल्याची नोंद. स्वीकृतीच्या तारखेपासून वॉरंटी सुरू होते, आणि पूर्ण रक्कम हाती पडलेला विक्रेता दुसऱ्यांदा पुण्याहून माणूस पाठवतोच असं नाही. दाखला दिला नाही.

आकडा रात्री अकराच्या सुमारास उणे 80 ला लागला आणि नोंद पूर्ण झाली शनिवारी रात्री. क्रॅक निघाला मंगळवारी, 1 एप्रिलला, तेव्हा 35 च्या खणात शून्य.

मग उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान कशावर खर्चलं त्याचा दाखला, सरकारी वित्तीय नियमांतल्या (जीएफआर) 12-ए नमुन्यात. त्यात 35 पुढे खर्च शून्य, आणि सोबतच्या विवरणात 7,31,600 बांधील खर्च म्हणून, म्हणजे ऑर्डर दिलेली पण पैसे द्यायचे राहिलेले. अनुदान देणाऱ्यांकडून विचारणा आली: उपकरण बसलंय, नमुने आत आहेत, मग खर्च शून्य कसा? पोच, क्रॅक, तापमानाची नोंद आणि साठा नोंदवहीतलं पान अशा चार प्रती पाठवल्या. नवी मर्यादा ऑगस्टमध्ये आली. 6,20,000 वर 2 टक्के जीएसटी टीडीएस, म्हणजे 12,400 कापून विक्रेत्याला 7,19,200 गेले. मधले चार महिने त्याचा दर सोमवारी फोन.

जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने वैज्ञानिक खरेदीच्या मर्यादा वाढवल्या. कोटेशनशिवाय 2 लाखांपर्यंत, खरेदी समितीमार्फत 25 लाखांपर्यंत, आणि संस्थाप्रमुखाला जेमबाहेर जाण्याची मुभा. या फ्रीजरला त्याचा फारसा उपयोग झाला नसता, चार महिने जेमवर नाही, खण बदलण्यात गेले होते. आता नवा प्रस्ताव आला की आम्ही आधी कोटेशनची तारीख आणि कराचा दर बघतो. मोठं उपकरण असेल तर वायरमनला सप्टेंबरातच खोली दाखवून आणतो.