शेवटच्या दिवशी प्रेसवर

दहाच्या चहाला आमच्या शेडमागं वाद ठरलेला असतो. फुटबॉलचा हंगाम असला की पाटाकडील भारी का शिवाजी तरुण, नाहीतर मिळेल तो विषय. त्या दिवशी निघालं हेवी मेटल, म्हणजे जड गिटारींचं रॉक संगीत. सीएनसी मशिनवरचे दोघे कॉलेजात बँड वाजवायचे. एकजण २०११ ला बेंगळुरूला जाऊन मेटॅलिका हा बँड ऐकून आलेला, त्यामुळं त्याचा आवाज चढा. दुसरा आयर्न मेडनवाला. ते २००७ लाच तिथं वाजवून गेलेत, हे तो दर वेळी ऐकवणारच. शिवाय दोन गिटारींची जोडी म्हणजे मेडनच. (तो मान मी जुडास प्रीस्टला देईन, पण तेवढ्यावर जेवणाची सुट्टी जाईल.)

मी सुपरवायझर, पण या नादात दोघांपेक्षा जुना. म्हटलं, "आज्जाला सोडून नातवंडांवरनं काय भांडताय? ब्लॅक सॅबथ. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात होता. सतरा वर्षांचा. कामाचा शेवटचा दिवस. पत्रा दाबायच्या प्रेस मशिनवरचं माणूस आलं नाही, म्हणून वेल्डिंगवरच्या ह्याला तिथं बसवलं. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली."

मामा तोवर तंबाखू मळत होते. त्यांची डाव्या हाताची तर्जनी एका पेरानं आखूड आहे. वर न बघताच म्हणाले, "आपल्यागत."

कुणी काही बोललं नाही. शेडमधनं तेवढा आवाज येत होता, धाड, धाड. आमचा प्रेसवाला जोतिबाच्या यात्रेला गेलेला. सकाळी आठला वेल्डिंगचं पोरगं मीच तिथं बसवलं होतं, आणि आधी पीसनं बिन भर, मग चहाला ये, असंही मीच सांगितलं होतं.

आत गेलो. हात आत जाऊ न देणारा गार्ड वर बांधलेला, चिमटा बाजूला पडलेला, पोरगं हातानंच पीस काढतंय, पाय पॅडलवर. मेन स्विच पाडला. "काय चुकलं का सायेब?" म्हणालं. त्याला काय सांगणार? परत वेल्डिंगला पाठवलं. पुण्याची गाडी संध्याकाळी अर्धी भरून गेली आणि फोनवर मला जे ऐकायला मिळालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सुटताना मामा हात धुवत होते. "त्या बोटांचं फुडं काय झालं?"

मग राहिलेलं सांगितलं. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेलेला. गिटार सोडायला निघाला होता. तेव्हा कारखान्यातल्याच वरच्या माणसानं त्याला जँगो राइनहार्ट हा गिटारवाला ऐकवला, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. तारा बारीक घेतल्या, पुढं त्या ढिल्याही सोडल्या. ताण कमी, दाबायला सोपं. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त त्या दीड सूर खाली आहेत. तो जाड, खालचा आवाज तिथनं पुढं सगळ्यांनी उचलला, मेटॅलिकानं पण.

मोबाईलवर सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम लावला. आधी पाऊस, मग घंटा.

"ह्यात पाऊसच पडतोय की."

"थांबा जरा."

गिटार सुरू झाली. मामांचं आखूड बोट बेसिनच्या कडेवर पडायला लागलं, सावकाश.

"गार्ड लावल्यावर प्रेस अशीच चालती बघा," म्हणाले. "दमानं."