पाण्याच्या अहवालापाशी अडलेला परवाना

अंबड परिसरातल्या भाड्याच्या गाळ्यात मी नागलीचे पापड आणि गव्हाच्या कुरडया करते. घरून काम चालत होते तोवर वर्षाला १०० रुपये शुल्काची अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडची (एफएसएसएआय) साधी नोंदणी पुरत होती. वार्षिक उलाढाल १२ लाखांच्या पुढे गेली तेव्हा, २०२२ साली, मला खाद्यपदार्थ बनवण्याच्या राज्य परवान्यासाठी अर्ज करावा लागला. फॉस्कॉस या त्यांच्या ऑनलाइन परवाना पोर्टलवरचा अर्ज, गाळ्याचा नकाशा, यंत्रांची यादी, भाडेकरार हे सारे दोन संध्याकाळींत आटोपले. अडले ते पाण्याच्या अहवालापाशी, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

गाळ्यात बोअरचे पाणी आहे. एका खासगी प्रयोगशाळेत मी नमुना दिला आणि आठ दिवसांनी सही-शिक्क्यानिशी अहवाल मिळाला: पीएच, कठीणपणा, क्षार, सगळे मर्यादेत. निर्धास्त होऊन मी तो पोर्टलवर चढवला. पुढे त्रुटी निघाली की अहवालात जिवाणूंची तपासणीच नाही. प्रयोगशाळेत विचारले, तर "ताई, तुम्ही साधी टेस्ट सांगितली होती" असे उत्तर मिळाले. खाद्यपदार्थाच्या परवान्यासाठी अहवाल हवा, हे मी पावतीवर लिहून घेतलेले होते. त्याहून संताप याचा आला की त्यांच्या एनएबीएल मान्यतेत (प्रयोगशाळांना तपासणीनिहाय मिळणारी राष्ट्रीय मान्यता) पाण्यातील जिवाणूंची तपासणी मुळातच नव्हती आणि पैसे घेताना कोणी ते सांगितले नाही. नमुना देण्याआधी मान्यतेच्या यादीत ही तपासणी आहे का, हे स्वतः वाचून घ्या.

त्रुटीला उत्तर देण्यासाठी ३० दिवस मिळतात, नंतर अर्ज फेटाळला जातो. ईमेल न पाहिल्यामुळे माझे नऊ दिवस आधीच गेले होते. पोर्टल रोज उघडा.

दुसऱ्या प्रयोगशाळेचा मुलगा स्वतः गाळ्यावर आला. त्याने स्पिरिटचा पेटता बोळा चिमट्यात धरून नळाचे तोंड शेकले, दोन मिनिटे पाणी वाहू दिले, निर्जंतुक बाटली भरली आणि बर्फाच्या पेटीत ठेवली. पहिला नमुना मी बाजारातल्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून नेला होता आणि तो तसाच स्वीकारला गेला होता.

या वेळी कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जिवाणू, आढळले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये ते मुळीच आढळता कामा नयेत. मला अहवाल हातात घेऊन बसून राहावेसे वाटले. कुरडईचा चीक शिजतो हे खरे, पण त्यानंतर सोऱ्या, पाट आणि बायकांचे हात त्याच पाण्याने धुतले जातात. पहिल्याच अहवालावर परवाना मिळाला असता तर हे पाणी असेच वापरात राहिले असते, म्हणून ही अट मला पूर्णपणे पटते.

गच्चीवर पाहिले तर टाकीचे झाकण तडकलेले आणि आत कबुतराची पिसे. टाकी रिकामी करून घासली, ब्लीचिंग पावडरचे पाणी रात्रभर ठेवून सोडून दिले, झाकण बदलले आणि नळाला क्लोरीनची सोय केली. तिसरा नमुना स्वच्छ आला, तेव्हा मुदतीचे तीनच दिवस उरले होते. क्लोरीन टाकलेले पाणी असेल तर प्रयोगशाळेला आधी सांगा, कारण त्यासाठी बाटलीत क्लोरीनचा परिणाम थांबवणारे सोडियम थायोसल्फेट घालावे लागते.

परवान्याचा चौदा आकडी क्रमांक मिळेपर्यंत पाकिटे छापून घेऊ नका. परवान्याच्या अटींनुसार सहा महिन्यांतून एकदा तरी मालाची तपासणी करून घ्यावी लागते; त्याच दिवशी मी पाण्याचाही नमुना देते, आणि बाटली प्रयोगशाळेचीच मागवते.