प्लास्टरातले सहा आठवडे

जुलैतल्या एका सकाळी सोसायटीच्या जिन्यातल्या शेवाळावरून पाय घसरला, सावरायला उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं. म्हणाले, "सहा आठवडे. बोटं मात्र हलवत राहा."

पोळ्या लाटता येणार नाहीत, वेणी घालता येणार नाही, हे धरूनच चालले होते. फजिती झाली ती भलत्याच ठिकाणी. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याला पैसे द्यायला डाव्या हातात फोन घेतला, तर यूपीआयचा पिन आठवेना. रोज दहादा टाकते तो! शेवटी प्लास्टरातून बाहेर आलेला उजवा अंगठा हवेतच हलवून बघितला. खाली, वर, मधे, परत खाली. तेव्हा कुठे आकडे कळले. पिन पाठ होता तो अंगठ्याला. भाजीवाला तोवर दुसऱ्याची मेथी बांधून मोकळा झाला होता.

मग मला नादच लागला. उजवा हात न विचारता पुढे झाला की कॅलेंडरच्या मागे डाव्या हातानं एक रेघ मारायची. कोपऱ्यावरचं गणपतीचं देऊळ आलं, हात गळ्यातल्या झोळीसकट छातीशी गेला. रेघ. लाइट गेलेले असताना बटण दाबायला निघाला. रेघ. संध्याकाळपर्यंत चाळीस झाल्या आणि मी मोजणं सोडून दिलं.

चहाची तर गंमतच झाली. दोन-तीन दिवसांनी डाव्या हातानं चहा गाळून ठेवला, तरी सासूबाई खोलीबाहेर येईनात. बऱ्याच वेळानं आतून हाक आली, "अगं, चहा झाला नाही का अजून?" मी गाळणं पातेल्याच्या काठावर दोनदा टकटक आपटते म्हणे, आणि ते ऐकून त्या उठतात. मला आजवर पत्ताच नव्हता. डाव्या हातानं मी आपटलं नव्हतं.

दुपारी पडल्या पडल्या याच विषयावर वाचत सुटले. तेच तेच काम केलं की त्याचा ताबा मेंदूच्या आत खोल असलेल्या बेसल गँग्लियाकडे जातो आणि आपलं लक्ष दुसरीकडे मोकळं राहतं, असं कळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला 2010 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यासही सापडला. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं असली साधी सवय 96 जणांनी लावून घ्यायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असा हिशेब निघाला. कुणाला 18 पुरतील, कुणाला 254 लागतील. माझे तर 42च. डाव्या हाताकडून फार आशा ठेवण्यात अर्थ नव्हता.

खरी मेख कुलपाची. मी कुलूप लावून ते ओढून बघते. नवरा म्हणतो चारदा, मी म्हणते एकदाच. बारा वर्षांचा वाद. डाव्या हातानं, दाराला गुडघा लावून कशीबशी किल्ली फिरवली, ओढलं आणि निघाले. दुसऱ्या पायरीवर पाय अडले. काहीतरी राहिलं. वर जाऊन पुन्हा ओढलं. तरी चैन नाही. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा ओढल्यावर पाय आपसूक जिना उतरायला लागले. घरी कुणाला बोलले नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा हाताची कातडी कोंड्यासारखी सुटत होती आणि मनगट लाकूड झालं होतं. कोमट पाण्यात मूठ उघडमीट करायची, स्पंजचा चेंडू दाबायचा, असा व्यायाम सुरू झाला. आठवड्याभरानं दोघं बाहेर निघालो. उजव्या हातानं किल्ली फिरली, जरा दुखलं. नवरा खाली स्कूटरवर बसून वर बघत होता. मी त्याच्यादेखत कुलूप एकदाच ओढलं, ताठ मानेनं खाली आले, मागे बसले. गाडी फाटकापर्यंत गेली असेल.

"थांब जरा," मी म्हटलं, "छत्री वर राहिली वाटतं."

छत्री माझ्या हातातच होती.